‘घरी किती पोचते?’ विचारणाऱ्या सिस्टर

कळंबच्या बसस्टँडसमोरचा ऑटो पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही, ही तिथली रीत. पण मागच्या सीटवरून खणखणीत आवाजात “यल्ला! यल्ला!” असा पुकारा झाला की ऑटोवाला मुकाट्याने गाडी चालू करायचा. आत सिस्टर आडे बसलेल्या असायच्या. अरबीत ‘यल्ला’ म्हणजे ‘चला’, हे कळंबच्या ऑटोवाल्यांना त्यांच्यामुळेच कळलं. भांडण संपवायचं असलं की त्या “खलास!” म्हणत, आणि ते खरंच संपत असे. कारण समोरचा पुन्हा बोलला तर त्या पहिल्यापासून सुरू करत.

त्या आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा मी इथल्या शाळेत नुकतीच लागले होते. ओमानमधल्या सलाला शहरातल्या दवाखान्यात नोकरीची सारी वर्षं काढून त्या परतल्या होत्या. उंच, सावळ्या, इस्त्रीची साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. संध्याकाळी अंगणात लोबान जाळायच्या. तो सलालाहून आणलेला, आणि त्याच्या वासाने आमची अख्खी गल्ली भरून जायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून मला विचारलं, “मास्तरीन, पगार कोनत्या दिवशी होते तुहा? आन् त्यातला तुह्या हाती किती राह्यते?” मी गोरीमोरी झाले. त्यांना मात्र यात विचारू नये असं काही वाटत नव्हतं. ब्लडप्रेशर विचारावं तसं त्या विचारत.

बाभुळगाव रस्त्यावरच्या एका तांड्यात त्या जन्मल्या. बाप कापूस पिकवायचा. नर्सिंग पास झालेली तांड्यातली ती पहिली मुलगी. सलालाच्या पगारावर त्यांनी दोन भाऊ शिकवले, बापाला विहीर खोदून दिली, तांड्यात घर बांधलं. लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, “वर्षातून एक सुट्टी भेटे. अर्धी पाहुण्याईत जाय, अर्धी बँकेत. लग्नाले टाइम कुठी होता व?” आणि स्वतःच मोठ्याने हसल्या.

बँकेत अर्धी सुट्टी का जायची, ते त्यांनी मला एका दुपारी चहा पिता पिता सांगितलं. सुरुवातीची काही वर्षं त्या घरी पाठवायचे पैसे एका ओळखीच्या माणसाकडे द्यायच्या.

“थो म्हने, सिस्टर, तुमच्याकडून फी घेऊ काय मी? मले वाटे, देवमानूस भेटला. मंग एक दिवस आमच्या वार्डातल्या लीलाम्मानं तिची पावती दाखवली. तिनं पाठवले तेवढेच मी पाठवले होते. तिच्या घरी जास्त पोचले. आन् तिनं तर फी बी देल्ली होती!”

“मग तुमचे गेले कुठे?”

“भावात गेले. थो मानूस रियालाचा भावच कमी लावे. आपल्या इकडं खेडा खरेदीवाला येते नाई काय? काटा माहा, हमाली माही, तुमच्याकडून काईच घेत नाई म्हनते, आन् कापसाचा भाव पाडून जाते. मी कापूसवाल्याची पोरगी, मास्तरीन. लहानपनापासून पाह्यलेला खेळ. आन् परदेशात मलेच नाई समजला!”

हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. लीलाम्माची पावती पाहिली त्या दिवसापासून त्या सारा व्यवहार बँकेतूनच करू लागल्या, आणि त्यांचं एक वाक्य ठरून गेलं. परदेशी पैसे पाठवणारा कोणीही भेटला की त्या म्हणत, “फी नोको इचारू. घरी किती पोचते थे इचार.”

आणि असे भेटणारे पुष्कळ होते. आजूबाजूच्या तांड्यांतली, गावांतली पोरं वेल्डर, ड्रायव्हर, मेसवाले म्हणून आखातात जाऊ लागली होती. त्यांचे पैसे यायचे गजूभाऊच्या मार्फत. गजूभाऊचं बसस्टँडजवळ मोबाइल-रिचार्जचं दुकान. तिकडे त्याची माणसं लेबर कॅम्पात फिरून रोख रियाल गोळा करायची, इकडे गजूभाऊ रुपये द्यायचा. दुकानावर पाटी होती : ‘फी एक पैसाही नाही.’ माणूस गोड. आलेल्या प्रत्येक बाईला चहा पाजायचा, म्हातारीला खुर्ची द्यायचा. पैसे मात्र कधी आज मिळायचे, कधी ‘परवा या’.

सिस्टरनी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी सोबत होते. त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हा इथी बी पोचला काय!”

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीत माणसं दिसू लागली. बाहेर जायला निघालेली पोरं, सुट्टीवर आलेले नवरे, आणि हट्टाने बोलावलेल्या त्यांच्या बायका. बायको सोबत नसेल तर सिस्टर शिकवायच्याच नाहीत. “पैशे येतीन तिच्या जवळ, आन् समजन फक्त तुले? उठ. घेऊन ये तिले.” मग तो बिचारा मोटरसायकलवर परत तांड्यात जायचा. तिकडे पगार आपल्याच नावच्या खात्यात घ्यायचा, इकडे परदेशात राहणाऱ्यांसाठी असतं ते खातं उघडायचं, आणि पाठवण्याआधी दोन ठिकाणचा भाव एकाच वेळी बघायचा, हे त्या घोकून घेत. जो चुकेल त्याला पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागे.

एक खेळ तर मी घरातली कामं पडून राहिली तरी चालतील म्हणून कुंपणाशी उभी राहून पाहायचे. सिस्टर खुर्चीत ताठ बसायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि जाहीर करायच्या, “मी मशीन. पैशाची मशीन. टाक कार्ड.”

त्या रविवारी समोर प्रकाश राठोड होता. वेल्डिंग शिकलेला, लाजाळू पोरगा. सोहारच्या एका कंपनीत लागला होता, पहिल्या सुट्टीवर आला होता. शेजारी त्याची बायको संगीता. प्रकाशने हातातला बिस्किटाचा पुडा कार्ड म्हणून पुढे केला.

“इंडियाचं कार्ड आहे तुह्यं,” मशीन डोळे मिटूनच बोललं. “मी परदेशातली मशीन. सांग, रुपयात कापू का रियालात?”

“रुपयात,” प्रकाश म्हणाला. “आपल्याले समजते ना.”

“गेले!” सिस्टरनी बिस्किटाचा पुडा हिसकावून पदराखाली टाकला. “रुपये दिसले का मानसाले आपलं घर दिसते. म्हनूनच इचारते थे. रुपये म्हनशीन तर मशीनवाला त्याच्या मनचा भाव लावन. रियालच म्हनायचं. आपली बँक इकडं लावन थो भाव. सांग आता.”

“रियाल.”

“मोठ्यानं.”

“रियाल!”

सगळी ओसरी हसली. संगीता सगळ्यात जास्त. त्या सुट्टीत सिस्टर दोघांना घेऊन बँकेत गेल्या, खातं उघडून दिलं, दोघांना एकेक कार्ड मिळालं. तेव्हापासून प्रकाश गजूभाऊच्या माणसाला टाळून पैसे सरळ खात्यात पाठवू लागला. संगीता त्यातले लागतील तेवढे काढायची, बाकीचे तसेच राहू द्यायची.

मग सोहारची ती कंपनी बंद पडली. मालक नाहीसा झाला. पगार थकलेला, मेस बंद, आणि कॅम्पात अडकलेली माणसं. त्यांत प्रकाश आणि आपल्या भागातले आणखी तिघे होते. त्याने उधारीवर रिचार्ज मारून घरी कळवलं की दोन वेळचं खाणंही धड मिळत नाही. खिशात एक रियालही नव्हता.

इकडे तांड्यात रडारड सुरू झाली. प्रकाशची आई गंगाबाई, तिला सगळे याडी म्हणतात. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. ती कोणाचंही ऐकायला तयार नव्हती. ती थेट गजूभाऊकडे गेली. गजूभाऊने चहा दिला, खुर्ची दिली, सांगितलं की तिकडे माझा माणूस प्रकाशच्या हातात रोख रियाल देईल, फी काहीच नाही, मात्र सध्या वेळ वाईट आहे, भाव थोडा कडक लागेल. किती कडक, ते याडीने विचारलं नाही. तिने म्हैस विकायला काढली.

ही बातमी सिस्टरना दुपारी लागली. मला घरातून हाताला धरून बाहेर ओढत त्या म्हणाल्या, “चाल, तुह्या फोनले रेंज असते.” ऑटोत बसून दोनदा “यल्ला” झाला.

गजूभाऊच्या दुकानासमोर छोटा टेम्पो उभा होता आणि त्यात म्हैस चढवलेली होती. काळी, तुकतुकीत, पाठीवर जुनी झूल टाकलेली. याडी तिच्या तोंडाशी उभी राहून काहीबाही बोलत होती. घेणारा पैसे काढायच्या बेतात. संगीता भिंतीला टेकून, डोळे सुजलेले.

“थांब!” सिस्टर ऑटोतूनच गरजल्या. “संगीता, प्रकाशचं कार्ड कुठी आहे?”

“त्याच्याच जवळ. पेटीत ठेवलं म्हने. पन सिस्टर, थे तर इंडियाचं आहे.”

“इंडियाचं आहे म्हनून काय तिथी पाप लागते काय त्याले?” त्या गजूभाऊकडे वळल्या. “गजू, एका रियालाले किती रुपये लावून राह्यला?”

गजूभाऊ हसला. “सिस्टर, माणुसकीचा मामला आहे. भाव काय धरून बसता?”

“मंग सांग ना माणुसकीचा भाव.”

त्याने सांगितला. सिस्टरनी माझ्या फोनवर त्या दिवसाचा खरा भाव काढून संगीताच्या डोळ्यांसमोर धरला. संगीताने पाहिलं. ती भिंतीपासून सरळ झाली आणि सासूला गोरबोलीत काहीतरी भराभर सांगू लागली. याडीचा हात म्हशीच्या मानेवरून खाली आला.

“पैशे तर तुमचेच पडले आहेत इथल्या खात्यात,” सिस्टर म्हणाल्या. “पोरगा तिकडं उपाशी, आन् त्याची कमाई इकडं बँकेत. म्हैस काहून इकता?”

फोन लागायला वेळ गेला. मग स्पीकरवर प्रकाशचा आवाज आला, इतका थकलेला की संगीताने तोंडावर पदर घेतला. सिस्टरनी रडायला कोणालाही वेळ दिला नाही. कार्ड काढ. जवळच्या मॉलमध्ये जा, तिथे फुकटचं वायफाय असतं. बँकेचं ॲप उघड. त्यात कार्डाचं पान असेल, परदेशातला वापर बंद असेल, तो चालू कर. प्रकाश चालत गेला. फोन त्याने कापला नाही. आम्हाला त्याच्या पावलांचा, गाड्यांचा, मग कसल्याशा गाण्याचा आवाज येत राहिला. दुकानासमोर गर्दी जमली होती. चहाटपरीवाला गिऱ्हाइकं सोडून आला होता. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

“झालं चालू,” प्रकाश म्हणाला. “मशीनसमोर आहे.”

“टाक कार्ड. आता एकदाच काय लागते थे काढजो. दरवेळी बँक चार्ज लावते, थोडे थोडे नोको काढू.”

“नंबर मागून राह्यली सिस्टर. नंबर सांगू का?”

“मोठ्यानं नोको सांगू!” सिस्टर इतक्या जोरात ओरडल्या की म्हैस बिचकली. “मले बी नोको सांगू! दाब गुपचूप!”

 मग प्रकाशचा आवाज, जरा वेगळाच.

“सिस्टर. इचारून राह्यली.”

“कोन?”

“मशीन. रुपयात का रियालात.”

 सिस्टरनी फोन संगीताकडे दिला. संगीता फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडली, “रियाल!” आणि तिकडून, समुद्रापलीकडून, प्रकाशही त्याच वेळी ओरडला, “रियाल!”

मग खर्रर्र आवाज आला. नोटांचा. आम्हा सगळ्यांनी तो ऐकला.

पुढे काय झालं ते मला तुकड्यांतच आठवतं. टाळ्या, शिट्ट्या, संगीताचं हसू आणि रडू. फोनवर प्रकाश सांगत होता की त्याच्या मागे बाकीचे तिघेही उभे आहेत, त्यांच्यातल्या दोघांची कार्डं सिस्टरनीच काढून दिलेली, आणि आता रांगेत त्यांचा नंबर आहे. याडीला नोटांचं काही कळलं नाही. तिने एकच विचारलं, पोरगा आज जेवेल का? जेवेल म्हटल्यावर तिने टेम्पोच्या फळीवर हात आपटला : म्हैस उतरवा.

म्हैस उतरायला तयार नव्हती. चढवताना तिने त्रास दिला होता, आता उतरताना दुप्पट दिला. चार माणसं पुढून ओढत होती, दोन मागून ढकलत होती, आणि सिस्टर बाजूला उभ्या राहून “यल्ला! यल्ला!” करत होत्या. शेवटी याडीने कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं तशी ती धप्पकन खाली आली, आणि भर बाजारातून वाजतगाजत तांड्याकडे निघाली.

प्रकाशचं तिकीट त्याच खात्यातून संगीताने स्वतः काढलं, सिस्टर फक्त शेजारी बसल्या. चौघेही सुखरूप परत आले. पुढच्या वर्षी प्रकाश पुन्हा ओमानला गेला, आता एका चांगल्या कंपनीत, आणि जाण्याआधी कंपनीची चौकशी त्याने स्वतः केली.

रविवारची ओसरी मग पुरेनाशी झाली. वर्ग तांड्याच्या देवळापुढच्या मांडवात भरू लागला. केळापूरकडून माणसं यायची. शिकवायची बहुतेक वेळा संगीता. सिस्टर मागे बसून मधेच चूक काढायच्या. एका रविवारी मांडवाच्या कडेला गजूभाऊ येऊन उभा राहिला. 

“ये,” सिस्टर म्हणाल्या. “बस.”

तो बसला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “पोरगी जर्मनीले शिकाले चालली. तिच्या नावानं तिथी पैशे ठेवा लागते म्हने. एक एजंट करून देतो म्हनून राह्यला.” थोडं थांबून, “फी माफ म्हने.”

सिस्टर त्याच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं, असं की चष्मा काढावा लागला. “गजू! तुले बी कोनी फी माफ केली काय रे!”

आधी संगीता हसली, मग सारा मांडव, आणि अखेर गजूभाऊसुद्धा, कान लाल करून. त्याचं काम मात्र सिस्टरनी मन लावून केलं. तीन बँकांतले भाव आणि खर्च त्याच्याकडूनच काढून घेतले, पोरीला बोलावून तिच्याकडून सारं पाठ म्हणून घेतलं, तिकडे उतरल्यावर पहिल्या दिवशी हातात थोडं तिथलं चलन असावं हेही बजावलं. गजूभाऊने संकोचत विचारलं, “सिस्टर, तुमाले काय देऊ?”

“मले काई नोको. तुह्या पाटीवर भाव लिहीत जाय. रोजचा.”

त्याने लिहायला सुरुवात केली. जुना धंदा सोडून त्याने एका परवानाधारक कंपनीची एजन्सी घेतली. बसमधून उतरणाऱ्या बायका आता पाटीकडे बघतात, मग आपल्या फोनकडे बघतात, आणि मगच पायरी चढतात.

सिस्टर माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या मागच्या हिवाळ्यातल्या, नागपूरच्या विमानतळावरच्या. प्रकाशने आईला तिकडे बोलावलं होतं, आपण कुठे राहतो ते दाखवायला. याडी यवतमाळच्या पुढे कधी गेली नव्हती. सिस्टर म्हणाल्या, मी नेते. मुंबईहून मस्कतचं विमान होतं. मी सोडायला गेले.

दाराशी सिस्टरनी पर्समधल्या छोट्या वजनकाट्याला याडीची बॅग अडकवली. वजन जास्त होतं. आत शेतातली तुरीची डाळ, पापड, तीळ, संगीताने बांधून दिलेला ठेचा. याडीने बॅगेवर हात ठेवला. सिस्टरनी तिथेच, सगळ्यांसमोर, आपली सूटकेस उघडली. दोन भारी रेशमी साड्या, चपलांचा जोड आणि एक शाल काढून माझ्या हातावर टाकली, आणि त्या जागी डाळीची पिशवी बसवली.

“अहो, तिकडे नेसायला?”

“तिथी कोन पाह्यते मले? डाळ खाईन पोरगा.”

दारावरच्या जवानाने तिकिटं पाहिली. याडीच्या आरशांच्या चोळीकडे पाहून त्याला गंमत वाटली असावी. “माताजी, कहाँ जा रहे हो?”

याडीने गोरबोलीत उत्तर दिलं. त्याला कळलं नाही. सिस्टरनी सांगितलं, “ओमान. बेटे के पास.”

“और आप? काम से?”

 सिस्टरनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

“नहीं,” त्या म्हणाल्या. “काम से तो बहोत बार गयी. इस बार घूमने जा रही हूँ.”

त्याने पासपोर्ट परत दिला आणि बाजूला झाला. काचेच्या पलीकडे मला त्या दिसत होत्या. सरकत्या जिन्यापाशी याडी थबकली. सिस्टरनी तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला, तिला काहीतरी सांगितलं, आणि दोघींनी एकदमच पाऊल टाकलं. जिना त्यांना वर घेऊन जाऊ लागला तशी याडी पोरीसारखी हसली, आणि सिस्टरही.